सोलापूरच्या गच्चीवर ब्लूबेरी: कुंडी, पाणी आणि चुन्याचा हिशेब

सोलापुरात ब्लूबेरी लावण्याचा विषय निघाला की पहिली शंका उन्हाची घेतली जाते, आणि मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाणाऱ्या गावात ती स्वाभाविकच आहे. तरीही या झाडाचा येथील मुख्य शत्रू ऊन नव्हे, चुना आहे. उन्हावर सावलीची जाळी, कुंडीची योग्य जागा आणि हंगामाची आखणी हे उपाय आहेत. चुना मात्र जमिनीत, बोअरच्या पाण्यात, सिमेंटच्या कुंडीत आणि पायाखालच्या शहाबादी फरशीतही असतो, आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसेपर्यंत दोन-तीन महिने उलटून गेलेले असतात. त्यामुळे ही सगळी लागवड एका गोष्टीभोवती फिरते: पंचवीस लिटरच्या एका कुंडीत चुना शिरू द्यायचा नाही.

ब्लूबेरी हे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातील झुडूप आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तोपर्यंत हे झाड बागेत का जगत नाही याचा उलगडा झालेला नव्हता. चांगली खतावलेली, सुपीक बागमाती दिली की ते खंगत असे आणि आम्लधर्मी, निकृष्ट समजल्या जाणाऱ्या मातीत जोमाने वाढत असे. न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांच्या सहकार्याने कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून निवडक रोपे वाढवली आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात आले. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाच असावा हा तेव्हा हाती लागलेला नियम आजही तसाच लागू आहे.

सोलापूरच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ या दरम्यान असतो. सामूचा प्रत्येक अंक दहापटीचा असल्याने पाच आणि आठ यांतील अंतर हजारपटीचे होते. अशा जमिनीत लोह भरपूर असले तरी ते विरघळत नाही आणि ब्लूबेरीच्या मुळांना उचलता येत नाही. या झाडाच्या मुळांवर इतर झाडांसारखे मूळरोम नसतात. मुळे केसासारखी बारीक असतात, वरच्या थरातच पसरतात, आणि लोह किंवा पाणी यांसाठी खोल जाऊन शोध घेण्याची ताकद त्यांच्यात नसते. आपल्या जिल्ह्यात डाळिंब चुनखडीयुक्त हलक्या जमिनीतही तग धरते. त्याच डाळिंबामुळे सोलापूरजवळच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. मात्र डाळिंबाचा अनुभव ब्लूबेरीला लावू नये, कारण दोघांची मुळे अगदी वेगळ्या जमिनींसाठी घडलेली आहेत.

जमिनीत खड्डा घेऊन, गंधक मिसळून काम होईल का, असा प्रश्न शेतीची माहिती असणारे हमखास विचारतात. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. अंगणातील मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर दोन चमचे पांढरे व्हिनेगर ओतावे. मातीतून बुडबुडे येऊन ती फसफसली, आणि कान जवळ नेल्यास बारीक चरचर ऐकू आली, तर त्या मातीत मुक्त चुना आहे असे समजावे. आता हिशेब करू. एक चौरस मीटर जागेत एक फूट खोलीपर्यंत सुमारे 400 किलो माती असते. तिच्यात पाच टक्के चुना धरला तर तो 20 किलो होतो. शंभर भाग चुना निष्प्रभ करण्यास बत्तीस भाग गंधक लागत असल्याने एका झाडाच्या जागेसाठी सहा किलोहून अधिक गंधक मातीत जिरवावे लागेल, आणि एवढे करूनही बाजूची माती व बोअरचे पाणी पहिल्या दिवसापासून पुन्हा चुना आणत राहतील. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, सोलापुरात ब्लूबेरी जमिनीत लावू नये. कुंडी किंवा ग्रो बॅग हाच मार्ग आहे.

वाण निवडताना

ब्लूबेरीच्या अनेक वाणांना फुलण्यापूर्वी थंडीची विश्रांती लागते. सात अंश सेल्सिअसच्या खाली तापमान असलेले तास मोजून ही गरज सांगतात. 'ड्यूक', 'ब्लूक्रॉप' अशा उत्तरेकडील वाणांना असे आठशेच्या आसपास तास लागतात. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीतील पहाटही बहुधा बारा-पंधरा अंशांची असते, त्यामुळे आपल्याकडे हे तास जवळपास शून्य भरतात. असे वाण येथे पाने धरते, वाढते आणि वर्षानुवर्षे फुलत नाही.

आपल्याला 'सदर्न हायबुश' या गटातील कमी थंडीचे वाण हवे. फ्लोरिडातील सदाहरित रानटी जातीशी उत्तरेकडील ब्लूबेरीचा संकर करून हा गट तयार झाला असून 'शार्पब्लू', 'मिस्टी', 'बिलॉक्सी', 'एमराल्ड' ही त्यातील परिचित नावे आहेत. पेरू देशाच्या वाळवंटी किनारपट्टीवर ठिबक सिंचनावर ब्लूबेरीची प्रचंड लागवड उभी राहिली आणि तो देश निर्यातीत आघाडीवर गेला, त्याचा पाया 'बिलॉक्सी' या वाणाने घातला. तिथेही थंडी जवळपास नसतेच. मात्र त्या किनाऱ्याला समुद्राचा गारवा आहे, आपला उन्हाळा तिथे नाही, हा फरक लक्षात ठेवावा. घरच्या बागेसाठी मी 'बिलॉक्सी' आणि 'मिस्टी' यांची जोडी सुचवेन. एकाच वाणाचे झाडही फळ देते, परंतु दोन वेगळ्या वाणांमध्ये परागसिंचन झाल्यास फळ मोठे होते आणि लवकर तयार होते.

रोप घेताना वाणाचे नाव लेबलवर लिहिलेले असावे आणि ते ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचे) किंवा फाटे कलमाचे असावे. नुसते 'ब्लूबेरी प्लांट' एवढेच लिहिलेले रोप घेऊ नये. बियांची पाकिटे तर मुळीच घेऊ नयेत, कारण बियांपासून आलेल्या झाडाला वाणाचे गुण मिळतीलच असे नाही आणि फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. रोप बाहेरगावाहून पार्सलने मागवायचे असल्यास ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर हा काळ उत्तम होय. मार्चनंतर मागवलेले रोप गाडीतील उष्णतेनेच निम्मे संपलेले असते. रोप आल्यावर लगेच मोठ्या कुंडीत न लावता आठ-दहा दिवस सावलीत, आहे त्याच पिशवीत ठेवून सावरू द्यावे.

कुंडी आणि तिच्यातील मिश्रण

पिशवीतील लहान रोपाला आधी सात-आठ लिटरची कुंडी द्यावी, मुळांनी ती भरल्यावर वीस ते पंचवीस लिटरची, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी चाळीस लिटरची. सुरुवातीलाच मोठी कुंडी दिल्यास मुळे नसलेला भाग सतत ओला राहतो आणि मूळकूज होते. सिमेंटची कुंडी वर्ज्य समजावी, कारण तिच्यातून चुना झिरपत राहतो. मातीची कुंडी चालते, परंतु सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात ती फार लवकर सुकते आणि तिच्या बाहेरच्या अंगावर क्षार फुटतात. पांढऱ्या किंवा फिकट रंगाची प्लॅस्टिकची कुंडी अथवा पांढरी ग्रो बॅग सर्वांत सोयीची ठरते. काळी कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळे अक्षरशः शिजतात. तळाशी निचऱ्यासाठी भोके भरपूर असावीत, परंतु त्यांवर खडी, विटांचे तुकडे किंवा शहाबादीचा चुरा घालू नये. शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे.

मिश्रणात बागेची माती अजिबात नको. ज्यांनी आयुष्यभर कुंडीत लाल माती आणि शेणखत घातले आहे, त्यांना हे स्वीकारणे जड जाते. तरीही शेणखत, गांडूळ खत, राख, अंड्यांची टरफले आणि हाडांचा चुरा यांतील काहीही या कुंडीत घालू नये. शेणखत आणि गांडूळ खत यांचा सामू बहुधा सातच्या आसपास किंवा वर असतो आणि त्यांतील क्षार या नाजूक मुळांना सोसत नाहीत. राख आणि टरफले म्हणजे तर सरळ चुनाच.

दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) आणि एक भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके, पांढरे खनिज खडे) हे मिश्रण चांगले जमते. ऑर्किडसाठी मिळणारी पाइन वृक्षाची साल उपलब्ध झाल्यास परलाइटच्या निम्म्या भागाऐवजी ती साल घ्यावी, कारण ती आम्लधर्मी असून दीर्घकाळ टिकते आणि मिश्रण दबू देत नाही. पीट मॉस महाग पडते, परंतु त्याचा सामू चारच्या आसपास असल्याने ते मिश्रणाला आवश्यक तेवढी आम्लता देते. केवळ कोकोपीट वापरल्यास सामू साडेपाच ते साडेसहाच्या घरात राहतो आणि बाकीचा भार पाण्यावर व खतावर पडतो.

कोकोपीट धुणे या कामात कुचराई करू नये. नारळाच्या काथ्याचा हा भुसा किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यात भिजवलेला असू शकतो आणि त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. पाच किलोची वीट मोठ्या टबात भिजवली की फुगून साठ ते सत्तर लिटर होते. ती जुन्या साडीत किंवा जाळीदार पोत्यात भरून, पाणी घालून निथळू द्यावी. निघणारे पाणी सुरुवातीला चहाच्या रंगाचे असते. ते फिकट होईपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार वेळा धुवावे. ज्यांच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे पेनसारखे यंत्र आहे त्यांनी निथळलेले पाणी मोजावे. त्याचा आकडा धुण्यासाठी घेतलेल्या पाण्याच्या आकड्याजवळ आला की कोकोपीट तयार झाले. शेवटचे धुणे पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने करावे.

लावताना मुळांचा गोळा हलक्या हाताने सैल करावा. मुळे पिशवीच्या आकारात गुंडाळलेली असतील तर बोटांनी बाजूने मोकळी करावीत, अन्यथा ती वर्षभर त्याच गोळ्यात फिरत राहतात. रोप पूर्वी जेवढे खोल होते तेवढेच ठेवावे. वर दोन इंच पाइनच्या सालीचे किंवा सुक्या पानांचे आच्छादन घालावे आणि कुंडी विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे तापलेल्या स्लॅबची धग तळाला लागत नाही आणि निचऱ्याचे पाणीही तुंबत नाही.

पाणी

या विषयाला मी सर्वांत अधिक जागा देत आहे, कारण कुंडीतील मिश्रण कितीही नेटके केले तरी रोजचे पाणी चुन्याचे असेल तर सहा महिन्यांत त्या मिश्रणाची सोलापूरची जमीन होते.

आपल्या पाण्यात किती चुना आहे हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. उन्हाळ्यात कूलर चालवणाऱ्या घरी मे अखेरीस कूलरच्या ताटीकडे पाहावे. गवत किंवा जाळी जिथे सतत ओली होऊन सुकते, तिथे पांढरा, खरखरीत, नखाने खरवडावा लागणारा थर बसलेला असतो. पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. कुंडीत नेमके हेच घडते, फरक इतकाच की तेथे तो थर मुळांभोवती बसतो. याच कारणाने कूलरच्या टाकीत उरलेले पाणी ब्लूबेरीला कधीही घालू नये, कारण त्यातील क्षार मूळ पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट झालेले असतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही तसेच. तुळशीला ते चालले तरी ब्लूबेरीला चालणार नाही.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. सोलापूरचा पाऊस कमी आणि लहरी, म्हणून ते साठवणे आवाक्याबाहेरचे आहे असे वाटते, परंतु आकडे वेगळे सांगतात. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटर गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर पाच हजार लिटर होतात. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी चार हजार लिटर उरतात. पंचवीस लिटरच्या कुंडीतील झाडाला भर उन्हाळ्यात रोज दोन ते अडीच लिटर पाणी पुरते. म्हणजे दोन झाडांना फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सुमारे सहाशे लिटर लागतात. एक हजार लिटरची झाकणाची प्लॅस्टिक टाकी भरून ठेवली की संपूर्ण उन्हाळा निभावतो, आणि आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस सहसा दमदार असल्याने ती टाकी पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरून बंद करता येते. पहिल्या पावसाचे पाणी गच्ची धुऊन जाऊ द्यावे. साठवण सिमेंटच्या हौदात करू नये, कारण चुनाविरहित पाणी सिमेंटमधून चुना ओढून घेते. टाकीला डासांची जाळी लावणे अनिवार्य आहे.

पावसाचे पाणी संपल्यास पिण्याचे आरओ पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी वापरावे. एसीचे पाणी हवेतील वाफेचे बनलेले असल्याने त्यात क्षार नसतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कोकणाइतके मिळत नाही, पण बादली लावून ठेवावी.

नळाचे किंवा बोअरचेच पाणी द्यावे लागले तर ते आधी आम्ल करून घ्यावे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, घरगुती वापरासाठी सुरक्षित आहे. दहा लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवून, ढवळून, पाच-दहा मिनिटांनी सामू मोजावा. तो पाच ते साडेपाच येईपर्यंत चिमूटचिमूट वाढवावे आणि आपल्या पाण्याला लागणारे प्रमाण एकदा लिहून ठेवावे. नळाला येणारे पाणी ऋतूनुसार बदलते आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी घट्ट होते, म्हणून दर दोन महिन्यांनी हे प्रमाण पुन्हा तपासणे योग्य. सामू मोजण्यासाठी निळी-तांबडी लिटमस पट्टी उपयोगाची नाही. चार ते सात या टप्प्यात अर्ध्या अंकाचा फरक दाखवणाऱ्या पट्ट्या किंवा साधा पीएच मीटर घ्यावा.

लिंबूसत्वाची मर्यादाही सांगायला हवी. मिश्रणातील जिवाणू ते खाऊन टाकतात आणि त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो, शिवाय पाण्यातील कॅल्शियम कुठेही जात नाही. म्हणून हा अडचणीच्या दिवसांतील उपाय समजावा, बारमाही व्यवस्था नव्हे. मोठ्या बागांत यासाठी गंधकाम्ल वापरतात, परंतु घरात, विशेषतः मुले असलेल्या घरात, त्या वाटेला जाऊ नये.

पाणी किती द्यावे याचे उत्तर शेतकऱ्यांच्या भाषेत वाफसा असे आहे. बोट दोन पेरे आत घातल्यावर ओलावा लागावा, पण मूठ दाबल्यावर पाणी निथळू नये. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी थोडे-थोडे द्यावे, भर दुपारी देऊ नये. आठवड्यातून एकदा तळातून पाचवा हिस्सा पाणी बाहेर पडेल इतके भरपूर द्यावे, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात. कुंडीखाली ताटली ठेवून निचऱ्याचे पाणी पुन्हा शोषले जाऊ देऊ नये. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावरच ठेवाव्यात, कारण वर्षभरातील सर्वांत चांगली धुलाई तेव्हाच होते.

सावली आणि उन्हाळ्याचे चार महिने

जून ते जानेवारी या काळात ब्लूबेरीला पाच-सहा तासांचे ऊन हवे, सावलीत फूल धरत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी आणि पावसाला सुरुवात होईपर्यंत काढू नये. कुंडी अशा ठिकाणी हलवावी की सकाळी अकरापर्यंतचे ऊन मिळेल आणि पश्चिमेचे ऊन भिंतीने अडेल. पूर्वेची गॅलरी या कामी गच्चीपेक्षा सरस आहे. जाळी झाडाला टेकू न देता दोन-तीन फूट उंच बांधावी, म्हणजे हवा खेळती राहते.

झळांचा वारा हा वेगळा विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वाहणारा कोरडा वारा पानांतील पाणी मुळांच्या वेगापेक्षा जलद ओढून नेतो, आणि कुंडी ओली असतानाही पानांच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी आणखी पाणी ओतणे घातक ठरते. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा बांधून तो दिवसातून दोन-तीनदा भिजवावा. कुंडी दुसऱ्या, थोड्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत कोकोपीट भरल्यास मुळांचे तापमान बरेच खाली राहते.

खत

ब्लूबेरी नत्र मुख्यत्वे अमोनियम स्वरूपात घेते, नायट्रेट तिला फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट ही द्राक्ष-डाळिंबवाल्यांची नेहमीची खते येथे बाजूला ठेवावीत. 19:19:19 या मिश्र खतातही नत्राचा काही भाग नायट्रेट रूपात असतो. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे अमोनियम सल्फेट हे या झाडाचे मुख्य खत होय. त्यात सुमारे एकवीस टक्के नत्र आणि चोवीस टक्के गंधक असते आणि त्याचा वापर होताना मिश्रण आपोआप आम्ल होत जाते. दहा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, विरघळवून जून ते ऑक्टोबर या काळात आठवड्यातून एकदा नेहमीच्या पाण्याऐवजी द्यावे. हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुरेसे आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत खत बंद ठेवलेले बरे.

महिन्यातून एकदा याच प्रमाणात 12:61:0, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, आणि फुले दिसू लागल्यावर 0:0:50, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, द्यावे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असल्याने ते टाळावे. खत नेहमी ओल्या मिश्रणातच द्यावे. या झाडाची भूक कमी आहे, आणि जास्त खताने पानांची टोके जळतात.

कोवळे पान पिवळे आणि त्यातील शिरा हिरव्या दिसू लागल्या की लोहाची कमतरता आली असे समजावे. अशा वेळी बहुतेक जण फेरस सल्फेट टाकून मोकळे होतात. आधी सामू तपासावा. कुंडीला नेहमीसारखे पाणी देऊन अर्ध्या तासाने वरून शंभर-दीडशे मिलिलिटर पावसाचे किंवा आरओचे पाणी सावकाश ओतावे आणि तळातून येणारे पाणी वाटीत धरून मोजावे. आकडा सहाच्या वर असेल तर दोष पाण्यात आहे आणि लोह घालून तो मिटणार नाही. तात्पुरती सोय म्हणून ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह द्यावे, कारण ईडीटीए प्रकारचे लोह साडेसहाच्या वर निष्प्रभ होऊ लागते. त्याच वेळी पाणी बदलावे. आधीच पिवळी पडलेली पाने पूर्ववत होतीलच असे नाही, म्हणून सुधारणा नव्या फुटीवर पाहावी.

फुले, भुंगे आणि फळे

आपल्याकडे ब्लूबेरीचा हंगाम साधारणपणे डाळिंबाच्या हस्त बहाराच्या चालीने चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस लहान होऊ लागले की फांद्यांच्या टोकांवर गुबगुबीत फुलकळ्या बनतात, टोकदार पानकळ्यांहून त्या सहज वेगळ्या ओळखता येतात. नोव्हेंबरपासून जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फुलोरा असतो आणि फुलापासून फळ पिकायला दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे कडक उन्हाळ्यापूर्वी बहुतेक फळ हाती येते. पहिल्या वर्षी आणि रोप अशक्त असल्यास दुसऱ्या वर्षीही सर्व फुले खुडावीत. हे करणे जिवावर येते, परंतु लहान झाडाने फळ धरले की नवी फूट थांबते आणि ते उन्हाळ्यात तग धरत नाही.

फूल पांढरे, उलट्या टांगलेल्या घंटेच्या आकाराचे असून त्याचे तोंड अरुंद असते. आतील पुंकेसरांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि कंप पावल्यावर त्यांतून पराग गळतात. मोठा काळा भुंगा फुलाला लटकून अंगाची थरथर करतो तेव्हा हे काम उत्तम होते. मधमाशीला तशी थरथर साधत नाही. घरात भुंगे येत नसल्यास सकाळी दहाच्या सुमारास, दव उडाल्यावर, काळ्या कागदाचा किंवा बोटाच्या नखाचा पृष्ठभाग फुलाच्या तोंडाखाली धरून देठाला टिचक्या माराव्यात. नखावर पिवळसर पूड पडलेली दिसते. ती दुसऱ्या वाणाच्या फुलाच्या मध्यभागी, किंचित बाहेर डोकावणाऱ्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावी. बॅटरीवर चालणाऱ्या टूथब्रशची मागची बाजू देठाला टेकवली तरी पराग झरतात. फुलोरा असेपर्यंत दिवसाआड हे करावे आणि त्या काळात कोणतीही फवारणी करू नये.

फळाला रंग चढू लागताच जाळी लावावी. बुलबुल, साळुंक्या आणि खारी या तिघांनाही फळ आपल्या आधी समजते. जाळी बारीक छिद्रांची असावी आणि ताणून बांधावी, म्हणजे पक्षी तिच्यात अडकत नाहीत. फळ पूर्ण निळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. त्यानंतरही चार-पाच दिवस थांबावे, देठाकडील लालसर कडे नाहीसे झाले आणि अंगठ्याने हलके लोटताच फळ हातात आले की ते तयार समजावे. तोडलेल्या फळाचा रंग गडद होईल, गोडी मात्र वाढणार नाही. फळावरची पांढरट साय हे त्याचे नैसर्गिक संरक्षण आहे, म्हणून फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी धुऊ नये.

कीड, छाटणी आणि कुंडी बदलणे

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी पानांच्या मागे बसतो आणि पान धुळकट, फिकट दिसू लागते. सकाळी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याचा फवारा पानांच्या खालून मारल्यास तो आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यांत दिसल्यास ओल्या कापसाने पुसून काढावा आणि संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे दोन थेंब घालून फवारावे. पावसाळ्यात पानांवर तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके आले तर ती पाने तोडून घराबाहेर टाकावीत आणि कुंड्यांमधील अंतर वाढवावे. झाड ओल्या कुंडीतही कोमेजत असेल तर मूळकूज आहे. मुळे काढून तपकिरी, मऊ झालेली कापावीत आणि नव्या, अधिक मोकळ्या मिश्रणात झाड बसवावे.

छाटणी फळे संपल्यावर लगेच, भर मे महिन्यात करू नये, कारण उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात. मृगाचा पाऊस झाल्यावर मेलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि जमिनीलगत लोळणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि उरलेल्या एक तृतीयांशाने आखूड कराव्यात. चौथ्या वर्षापासून दरवर्षी एक-दोन सर्वांत जुन्या, खरबरीत सालीच्या फांद्या बुडापासून कापाव्यात, म्हणजे खालून नवे धुमारे निघतात. पावसाळ्यात येणारी ही नवी फूटच हिवाळ्यात फुलते, त्यामुळे सप्टेंबरनंतर कात्री लावू नये.

कोकोपीट दोन-तीन वर्षांत कुजून दबते आणि पाणी वरच तुंबू लागते. तेव्हा, छाटणीच्याच दिवसांत, झाड कुंडीतून बाहेर काढावे, मुळांच्या गोळ्याची कडेची आणि तळाची दोन बोटे जाडी धारदार सुरीने कापावी आणि त्याच प्रमाणातील ताज्या मिश्रणात ते पूर्वीच्याच खोलीवर लावावे. नंतर दोन आठवडे झाड सावलीत ठेवावे आणि तोवर खत देऊ नये. जुने मिश्रण फेकण्याची गरज नाही. ते मोगरा किंवा जास्वंदीच्या कुंडीत मिसळावे. आपल्या चुनखडीच्या मातीत या झाडांची पानेही पुष्कळदा लोहाअभावी पिवळी पडतात, आणि त्यांना हे आम्ल मिश्रण मानवते.